वायर लावूनही नेट स्लो? आधी ९४चा आकडा ओळखा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पीसीला थेट लॅन केबल लावलीय, तरी स्पीड टेस्ट केली की आकडा ९४-९५वर जाऊन थांबतो, सकाळी बघा रात्री बघा तेच. असं होत असेल तर नेटवाल्याला फोन करायच्या आधी हे वाचून घ्या, कारण तो येणार, मोबाइलवर वायफायने टेस्ट मारणार, "इथे तर बरोबर येतंय साहेब" म्हणणार आणि निघून जाणार, तुमचं दुखणं तिथेच. ९४ हा आकडा फार बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर (लिंक म्हणजे वायरीच्या दोन टोकांच्या यंत्रांमधली जोडणी) प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्याच्या, हेडर-बिडरचा खर्च वजा जाता खरा डेटा साधारण ९४-९५ एवढाच जातो, म्हणजे नेटवाल्याच्या बॉक्सपासून पीसीपर्यंत कुठेतरी एक जोड हजाराऐवजी शंभरावर चालतोय. तो जोड शोधायचा, बस.

वायफायपेक्षा वायरीचं हे एक सुख आहे. वायफायमध्ये भिंत आडवी येते, शेजाऱ्याचा राउटर येतो, मायक्रोवेव्ह चालू झाला की आणखी काही होतं. घरगुती सामानात वायर तीनच स्पीडला बोलते: १०, १०० किंवा १००० (नवीन मदरबोर्डवर २५०० पण असतं, ते सध्या सोडा). मधलं काही नाही. १००वर पडली की प्लॅन २००चा असो नाहीतर ५००चा, आकडा ९४च. १०वर पडली तर नऊ पॉइंट काहीतरी. १०००वर असेल तर छत ९४०च्या आसपास, मग तो तुकडा बहुतेक सुटला आणि चौकशी पुढे न्यायची.

आधी टेस्ट तरी धड करा

सगळ्यात पहिला गोंधळ बिट आणि बाइटचा. कंपनी मेगाबिटमध्ये विकते आणि गेम किंवा पिक्चर डाउनलोड होताना खिडकीत मेगाबाइट दिसतात, आठाने भाग द्यायचा असतो. १००चा प्लॅन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट, तर डाउनलोड ११-१२ने चाललं असेल तर तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय, काहीही बिघडलेलं नाही, इथेच थांबलात तरी चालेल. ३००च्या प्लॅनला तोच आकडा ३७च्या आसपास हवा.

दुसरं म्हणजे टेस्ट करताना लॅपटॉपचं वायफाय बंद करा. हे सांगायला बावळट वाटतं, पण केबल अर्धवट बसलेली असते, क्लिप तुटलेली असते, लॅपटॉप गुपचूप वायफायवरच चालू असतो आणि आपण वायरीला शिव्या देत बसतो. वायफाय बंद केल्यावर नेटच गेलं तर उत्तर तिथेच मिळालं.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन बंद करून बघा, सगळा ट्रॅफिक ऑफिसच्या सर्व्हरवरून फिरून येत असेल तर तो आकडा तुमच्या ब्रॉडबँडचा नव्हेच. घरात कोणी टीव्हीवर काही लावलंय का, फोनवर फोटोंचा बॅकअप चालू आहे का, पीसीवर विंडोज अपडेट उतरतंय का, तेही बघा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये इथरनेटवर क्लिक केलं की टेस्ट न करताही किती डेटा ये-जा करतोय ते दिसतं, तिथे शांत असलं पाहिजे. टेस्टचा सर्व्हर जवळचा निवडा, मुंबई किंवा पुणे, सिंगापूर-बिंगापूर नको. आणि एकदाच टेस्ट करून निकाल लावू नका, सकाळी एक, दुपारी एक, रात्री नऊ-साडेनऊला एक, आणि आकडे कुठेतरी लिहून ठेवा, पुढे तक्रारीला हेच कामाला येतात.

लिंक स्पीड कुठे दिसतो

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आणि नव्वद टक्के लोकांना तो कुठे असतो तेच माहीत नसतं (टक्का अंदाजाने बोलतोय, मोजलेला नाही).

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, खाली स्क्रोल केलं की लिंक स्पीड म्हणून ओळ आहे, तिथे १०००/१००० दिसेल किंवा १००/१००. जुन्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन इथरनेटवर डबल क्लिक करा, छोटी खिडकी उघडते, त्यात स्पीडपुढे १.० जीबीपीएस किंवा १००.० एमबीपीएस असतं. मॅकमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या डिटेल्समधला हार्डवेअर भाग बघा. लिनक्सवाल्यांना इथटूल माहीत असेलच.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. हा आकडा फक्त तुमचा पीसी आणि त्याच्या पुढचं पहिलं डबडं यांच्यातल्या तुकड्याचा आहे. पीसीपासून छोट्या स्विचपर्यंत (एका लॅन वायरीचे अनेक पोर्ट करून देणारा डबा) १०००, पण स्विचपासून राउटरपर्यंत १००, असं असेल तर विंडोज छान १००० दाखवणार आणि टेस्ट ९४ देणार. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा बघायचा. लॅपटॉप आणि एक चांगली छोटी केबल घेऊन सरळ नेटवाल्याच्या बॉक्सपाशी जाऊन बसा, तिथे टेस्ट करा. मग राउटरपाशी. मग स्विचपाशी. मग तुमच्या खोलीतल्या वायरीच्या टोकाला. जिथे आकडा धाडकन पडला त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला हं, वायरही बदलली आणि पोर्टही बदलला तर बरं झालं कशामुळे ते कधीच कळत नाही आणि चार महिन्यांनी परत तेच होतं.

लिंक १००वर अडकलीय: संशय पहिला वायरीवर

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. गंमत अशी की १००च्या स्पीडला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. हजाराला मात्र चारही. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी नेट बंद पडत नाही, दोन्हीकडची यंत्रं आपापसात ठरवून चुपचाप शंभरावर येतात, दिवे लुकलुकत राहतात आणि कोणाला शंकाही येत नाही. वर्षानुवर्षं लोक असे चालवतात. काही जुनी कार्डं असं खाली यायला तयार नसतात, ती हजारावर जायचा प्रयत्न करत राहतात आणि लिंक सारखी तुटते-जुळते, तेही याच आजाराचं लक्षण.

तेव्हा पहिलं काम, चांगली खात्रीची केबल लावून बघणे. मीटर-दोन मीटरची कंपनीने तयार करून दिलेली कॅट ५ई किंवा कॅट ६, शंभर-दोनशेच्या घरात मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर ढीग पडलेत. ती लावली आणि लिंक १००० झाली तर जुनी वायर दोषी. दुकानदार कॅट ७, कॅट ८ गळ्यात मारायला बघतो, नका घेऊ, हजारासाठी कॅट ५ई शंभर मीटरपर्यंत पुरते आणि तुमचा फ्लॅट शंभर मीटर लांब नाहीये. कॅट ८ तर मुळात सर्व्हर रूमसाठी आहे.

पण एक बघून घ्या, वायरीच्या सालीवर सीसीए असं छापलेलं असेल तर ती सोडा. सीसीए म्हणजे आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, ब्लेडने एक तार खरवडली की आत चांदीसारखा रंग दिसतो. स्वस्त असते, लांब अंतराला सिग्नल जास्त मरतो आणि दोनदा वाकवली की आतली तार तुटते. भिंतीच्या पाइपातून ओढायची असेल तर शुद्ध तांब्याचीच घ्या, पुन्हा भिंत फोडायला लागू नये.

नेहमीच्या वापरातली वायर तुटते कुठे? मधोमध क्वचित. पिनपाशी, दाराच्या चौकटीत, सोफ्याच्या पायाखाली, आणि आपल्याकडे खास करून स्लायडिंग खिडकीत. डोंबिवलीत एका नातेवाइकांकडे हॉलमधून बेडरूममध्ये वायर नेताना नेटवाल्याने भिंतीला भोक पाडायचा कंटाळा केला आणि ती बाल्कनीतून बाहेर काढून खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून आत घेतली होती. खिडकी पूर्ण लावली की लिंक १००, चार बोटं उघडी ठेवली की थोड्या वेळाने १०००. काकूंचं म्हणणं होतं की एसी लावला की नेट स्लो होतं, म्हणजे बहुतेक व्होल्टेज कमी पडत असणार. बरोबरच दिसत होतं त्यांना, एसी लावला की खिडकी लावायचीच ना. पट्टीतली वायर हाताने चाचपली तर एका जागी चपटी लागत होती, वरची साल शाबूत. तेवढा तुकडा कापून नवी पिन मारली आणि खिडकीशेजारी एक छोटं भोक पाडून वायर त्यातून घेतली, संपलं.

उंदीर आणि मुंग्या हा आणखी एक विषय, गच्चीवरून किंवा डक्टमधून वायर आली असेल तर एकदा टॉर्च मारून बघाच.

पिन बघायला शिका

वायरीच्या टोकाला जी पारदर्शक प्लास्टिकची पिन असते तिला आरजे ४५ म्हणतात. ती हातात अशी धरा: क्लिप खालच्या बाजूला, वायर तुमच्याकडे, सोनेरी दात वर आणि पलीकडे. आता डावीकडून उजवीकडे रंग वाचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आपल्याकडे हाच क्रम चालतो, दोन्ही टोकांना सारखा पाहिजे.

बघायच्या गोष्टी अशा. आठही तारा आहेत का? चारच असतील तर वायरमनने एका केबलचे दोन कनेक्शन केलेत, अर्ध्या तारा तुमच्या आणि अर्ध्या दुसऱ्या खोलीच्या किंवा सीसीटीव्हीच्या, अशा वायरीतून हजार कधीच मिळणार नाही, दुसरी वायर टाकणे हाच इलाज. आठही असतील तर प्रत्येक तार पिनच्या पार टोकापर्यंत गेलीय का बघा, समोरून बघितलं की आठ तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत, एखादी मागेच राहिली असेल तर दात हवेत चावलाय. मग बाहेरची साल पिनच्या आत घुसलीय का बघा. साल बाहेरच राहिली असेल आणि रंगीत तारा उघड्या दिसत असतील तर जरा ओढ बसली की तार निसटणार, आज नाही तर दिवाळीच्या साफसफाईत.

हिरव्या जोडीकडे नीट लक्ष द्या. हिरव्याच्या दोन तारा शेजारी-शेजारी नसतात, त्यांच्या मधे निळी जोडी येते. नवीन माणूस सगळ्या जोड्या ओळीने लावतो, नारिंगी-नारिंगी, हिरवा-हिरवा, निळा-निळा, दिसायला फार व्यवस्थित दिसतं आणि दोन्हीकडे सारखंच केलं असेल तर तो स्वस्तातला दिव्यांचा टेस्टर पण एक ते आठ हिरवे दाखवतो. तरी लिंक नीट चालत नाही, कारण तारांना जोडीने पीळ दिलेला असतो तो एकमेकांचा आवाज मारायला, आणि इथे सिग्नलची एक तार एका पिळात आणि दुसरी दुसऱ्याच पिळात गेली. टेस्टर पास आणि नेट नापास अशी केस असेल तर पहिलं हे बघा.

स्वतः क्रिम्पिंग, म्हणजे वायरीला पिन मारायचं काम, करायचं असेल तर टूल आणि दहा पिना आणा आणि आधी जुन्या वायरीवर हात बसवा. तारा सरळ करा, रंग लावा, एका रेषेत कापा, पिळ उकलायचा तो जेवढा लागेल तेवढाच, साल पिनमध्ये ढकला, मग टूल शेवटपर्यंत दाबा. नको असेल तर कुठलाही सीसीटीव्हीवाला थोडक्या पैशात मारून देतो, फक्त "आठही तारा लावा" असं तोंडाने सांगा, नाहीतर काही जण चारच लावून मोकळे होतात.

वायर चांगली आहे पण पोर्टच शंभरचा

नेटवाल्याच्या फायबरच्या बॉक्सवर मागे दोन-चार पोर्ट असतात आणि आपल्याला वाटतं सगळे सारखेच. बऱ्याच बॉक्सवर एकच पोर्ट हजाराचा असतो आणि बाकीचे शंभरचे. बॉक्सच्या पाठीवर किंवा तळाच्या स्टिकरवर जीई आणि एफई अशी अक्षरं असतात, जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे फास्ट इथरनेट. नावात फास्ट आहे म्हणून हुरळून जाऊ नका, हा १९९५चा फास्ट आहे. वायर जीईच्या पोर्टात हलवा आणि परत लिंक स्पीड बघा. बऱ्याच घरांत प्रकरण इथेच मिटतं आणि खर्च शून्य.

मग तुमचा स्वतःचा राउटर. डब्यावर मोठ्या अक्षरांत एसी १२०० लिहिलेलं असतं, ते वायफायच्या दोन्ही बँडची बेरीज करून लिहिलेलं आहे, पाठीमागचे पोर्ट कितीचे आहेत ते त्यावरून कळत नाही. या वर्गातल्या कित्येक स्वस्त राउटरांचे सगळे पोर्ट, नेट आत येतं तो वॅन पोर्ट धरून, १०/१००चे असतात. मग बॉक्स कितीही भारी असो, राउटरच्या तोंडाशीच शंभर. याला सेटिंग नाही, फर्मवेअर नाही, राउटर बदलणे एवढंच. नवीन घेताना स्पेसिफिकेशनमध्ये १०/१००/१००० किंवा गिगाबिट पोर्ट हे शब्द शोधा, नसतील तर घेऊच नका.

जुना पाच किंवा आठ पोर्टचा स्विच टीव्हीमागे धूळ खात पडलेला असतो, त्याचंही स्टिकर वाचा, तिथेही हेच. स्विचवरून आठवलं, एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये कधी लावू नका, साफसफाई करताना मोकळं टोक दिसलं म्हणून कोणीतरी खोचतं आणि पॅकेटं गोल गोल फिरत राहून अख्ख्या घराचं नेट गुदमरतं. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले तर हेच.

यूएसबीचा लॅन डोंगल वापरत असाल तर स्वस्तातले बरेचसे शंभरचेच असतात, आणि गिगाबिटचा घेऊन जुन्या काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावला तर तिथेही हजार मिळणार नाही कारण त्या पोर्टाचं स्वतःचंच छत ४८० आहे. निळ्या ३.०च्या पोर्टात लावा.

आणि टीव्ही. बहुतेक स्मार्ट टीव्हींना, महागड्यांनासुद्धा, लॅन पोर्ट १००चाच असतो. टीव्हीवर टेस्ट करून ९४ आले म्हणून डोकं धरून बसू नका, फोर-के बघायला साधारण २५ लागतात, टीव्हीचं पोट भरलेलं आहे.

जिथे फायबर नाही आणि केबलवाल्याने गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबलच थेट घरात आणलीय तिथे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. काही ठिकाणी गच्चीवरचा स्विच चालवायला करंट ग्राहकांच्याच घरातून त्याच केबलने वर पाठवतात, निळी-तपकिरी जोडी त्यात खर्ची पडते, म्हणजे शंभरच्या वर जायचा प्रश्नच नाही. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलने पोर्ट जळतात, कधी पूर्ण, कधी अर्धवट. अर्धवट जळलेला पोर्ट लिंक दाखवतो पण १०ची किंवा १००ची, वायर कितीही बदला. तीच वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघितलं की कळतं. ढग वाजायला लागले की ती केबल काढून ठेवायची सवय लावा.

लिंक १००० आहे तरी स्लो

आता जरा वेगळं. इथे पहिलं काम म्हणजे राउटरला पिंग करणे, म्हणजे त्याला छोटी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग, स्पेस, राउटरचा पत्ता (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नक्की बघायचा असेल तर लिंक स्पीड दिसतो तिथेच किंवा आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवल्यावर डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो). शेवटी वजा एन शंभर जोडलं (ping 192.168.1.1 -n 100) की शंभर वेळा होईल. वायरीवर प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं, एखाददुसरं वर गेलं तर ठीक, पण एकही पॅकेट हरवता कामा नये. इथेच गळती असेल तर दोष घरात आहे, नेटवाल्याला फोन करू नका.

गळती असेल तर नेटस्टॅट वजा ई (netstat -e) चालवा, त्यात एरर्सची ओळ आहे. टेस्ट चालू असताना तो आकडा वाढत असेल तर परत वायर आणि पिन, किंवा ती केबल विजेच्या जाड वायरींना चिकटून लांबवर गेलीय का ते बघा.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथे स्पीड अँड डुप्लेक्स ऑटो निगोशिएशनवरच पाहिजे. कोणीतरी व्हिडिओ बघून १०० फुल डुप्लेक्स ठोकून ठेवतं, समोरचा पोर्ट ऑटोवर असतो, त्याला समोरच्याशी बोलणी करता येत नाहीत म्हणून तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा; फुल म्हणजे दोन्ही दिशा एकदम) धरतो, आणि मग पिंग व्यवस्थित पण मोठी फाइल उतरवायला घेतली की स्पीड रडतो. गिगाबिटला तर ऑटो लागतंच, जबरदस्तीने १००० निवडून तुटलेली तार जुळत नाही. तिथेच एनर्जी एफिशिएंट इथरनेट, ग्रीन इथरनेट असे पर्याय असतात, वीज वाचवायच्या नादात काही कार्डं यामुळे मधेच लिंक सोडतात, बंद करून दोन दिवस बघा. ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, त्या "सगळे ड्रायव्हर अपडेट करा" वाल्या फुकट सॉफ्टवेअरांच्या नादी लागू नका.

राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (कोणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) चालू आहे का बघा. जुन्या ५०च्या प्लॅनच्या वेळी मुलांच्या गेमसाठी मर्यादा टाकलेली असते, प्लॅन ३००चा झाला, मर्यादा तशीच. काही छोट्या राउटरांचा प्रोसेसर क्यूओएस चालू केल्यावर धापा टाकतो तेही आहेच.

अपलोडचा घोळ लोकांच्या लक्षात येत नाही. सीसीटीव्ही क्लाउडवर चढतोय, फोनचे फोटो चढतायत, अपलोड पूर्ण भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्यासुद्धा रांगेत अडकतात आणि सगळंच जड होतं. ओळखायचं कसं, तर एका खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग चालू ठेवा आणि दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करा, पिंग १०वरून ३००-४००वर गेला तर हाच आजार. बॅकअप रात्री दोननंतर लावा, किंवा राउटरमध्ये अपलोडला खऱ्या स्पीडच्या थोडी खाली मर्यादा घाला.

आणि अँटिव्हायरसचं वेब शील्ड, ते नेटवरून येणारा डेटा तपासत बसतं. जुन्या पीसीवर टेस्ट चालू असताना सीपीयू शंभर टक्क्यांवर जात असेल तर नेट बिचारं निर्दोष आहे, पीसी म्हातारा झालाय.

घरातलं सगळं ठीक, मग बाहेर

बॉक्सच्या जीई पोर्टात थेट लॅपटॉप, लिंक १०००, राउटरचा पिंग स्वच्छ, तरी स्पीड नाही. आता तुम्ही हक्काने फोन करू शकता, पण आधी दोन गोष्टी. एक, एफयूपी (पूर्ण स्पीडने वापरायच्या डेटाची मर्यादा) संपली का ते ॲपवर बघा, अनलिमिटेड म्हणून विकलेल्या बऱ्याच प्लॅनांना महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि त्यानंतर स्पीड पार खाली येतो, पुढच्या बिलाच्या तारखेला आपोआप "दुरुस्त" होतो. दोन, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या बॉक्सच्या सेटिंग पेजवर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या सिग्नलची ताकद) दिसत असेल तर आकडा बघा, तो उणे असतो, उणे १५ ते उणे २५ छान, उणे २७च्या पलीकडे गेला की सिग्नल दमलाय. बॉक्समागे पिवळी फायबर कॉर्ड टीव्ही युनिटच्या फटीत दुमडून कोंबलेली असते, ती मोकळ्या गोलाईत सोडा, काच आहे ती. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, आतला लेझर दिसत नाही म्हणून नसतो असं नाही.

फक्त रात्री आठ ते अकरा स्लो आणि पहाटे झकास असेल तर कंपनीकडे गर्दी आहे, तुमच्या हातात काही नाही. ट्रेसर्ट (tracert, डेटा कुठल्या कुठल्या यंत्रांतून जातो ते ओळीने दाखवणारी कमांड) चालवून बघा, पहिली ओळ म्हणजे तुमचा राउटर, ती स्वच्छ आणि दुसरी-तिसरीपासून पुढे सगळ्या ओळींचे आकडे चढलेले असतील तर तो स्क्रीनशॉट ठेवा. मधलीच एखादी ओळ चढलेली आणि पुढच्या परत उतरलेल्या असतील तर त्याला अर्थ नाही, ते यंत्र पिंगला उत्तर द्यायला आळस करतं एवढंच.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, तो रीस्टार्ट करा म्हणणार. असं सांगा: बॉक्सच्या जीई पोर्टाला वायरने लॅपटॉप लावलाय, लिंक १०००ची आहे, अमुक तारखांना अमुक वेळी इतका स्पीड आला, प्लॅन इतक्याचा आहे, ऑप्टिकल पॉवर इतकी आहे. फोनवरच्या माणसाचा सूर तिथेच बदलतो. डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या आणि लिहून ठेवा. माणूस घरी आला तर त्याच्या मोबाइलच्या वायफाय टेस्टवर समाधान मानू नका, तुमच्या समोर, वायर लावून, बॉक्सपाशी टेस्ट करायला लावा आणि तो आकडा त्याच्या रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. दिलेल्या मुदतीत काही झालं नाही तर त्याच डॉकेट नंबरवर कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२च्या नियमांप्रमाणे कंपनीला ती सोय ठेवावीच लागते, पत्ता आणि ईमेल त्यांच्या साइटवर तळाशी बारीक अक्षरांत असतो. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथेही डॉकेट नंबर हाताशी ठेवा.